गणितापूर्वींची मांडामांड

नवा पूल किती भारानें मोडेल हें आधीं समजावें, अशी इच्छा धरणाऱ्या पूर्वींच्या इंजिनिअरापुढें दोनच मार्ग असत: कागदावरचें गणित आणि लहान आकाराचा नमुना. प्रत्यक्ष पूल मोडून पाहण्याची चैन कोणालाच परवडणारी नव्हती. आज ती चैन संगणकानें स्वस्त केली आहे. पुलाचा, विमानाच्या पंखाचा किंवा घरांतल्या प्रेशर कुकरचा आराखडा संगणकांत उतरवावयाचा. त्याचे हजारों, प्रसंगीं लाखों बारीक तुकडे कल्पावयाचे. प्रत्येक तुकडा शेजारच्या तुकड्याला किती ओढतो वा दाबतो याचीं समीकरणें यंत्राकडून सोडवून घ्यावयाचीं. आणि कोठें ताण अधिक पडतो तें शेवटीं रंगीत चित्रांत पाहावयाचें, अशी ही रीत आहे. तिला सिम्युलेशन म्हणतात. ॲन्सिस, अबॅकस हीं या कामाच्या सॉफ्टवेअरमधलीं प्रसिद्ध नांवें होत.

या विषयाची माहिती सांगणारे बहुधा त्या रंगीत चित्राचेंच कौतुक करतात. परंतु चित्राच्या आधीं गणित असतें, आणि गणिताच्याही आधीं एक मांडामांड असते. लांबी कोणत्या मापांत भरावयाची, उत्तराचे कागद कोणत्या फोल्डरांत ठेवावयाचे, यंत्रानें किती स्मृति आणि किती प्रोसेसर वापरावयाचे, चित्र किती पटीनें फुगवून दाखवावयाचें, या गोष्टी काम सुरू होण्यापूर्वीं ठराव्या लागतात. कामाच्या जागेचीं हीं सेटिंगें शिकाऊ मनुष्य अर्ध्या मिनिटांत उरकतो, किंवा आधींच्या माणसानें जशीं ठेवलीं असतील तशींच राहूं देतो. घात होतो तो येथें.

मापांचाच प्रश्न घ्या. एके काळीं मुंबईचा शेर २८ तोळ्यांचा आणि पक्का शेर ८० तोळ्यांचा होता. दहा शेर धान्य मागविणाऱ्या शहाण्या गृहिणीला कोणता शेर, हें आधीं विचारावें लागे. आणि तिनें विचारलें नाहीं, तरी निदान वाणी तरी विचारी. अबॅकस हें सॉफ्टवेअर विचारीत नाहीं. त्याला मुळीं मापेंच नाहींत. त्याला केवळ आंकडे समजतात. मीटर कीं मिलिमीटर, किलोग्रॅम कीं टन, हें भरणाऱ्यानें आपल्या मनाशीं ठरवावयाचें आणि सारे आंकडे एकमेकांशीं जुळते ठेवावयाचे.

हें वाटतें तितकें सोपें नाहीं. एक घनमीटर पोलादाचें वस्तुमान सुमारें ७८५० किलोग्रॅम असतें. यंत्रांचे भाग मिलिमीटरांत आंखण्याची वहिवाट आहे, आणि बल न्यूटनांत मोजतात. आतां लांबी मिलिमीटरांत, बल न्यूटनांत आणि काळ सेकंदांत धरला, कीं वस्तुमान किलोग्रॅमांत चालत नाहीं. तें टनांतच भरावें लागतें, कारण एक टनाला दर सेकंदाला एक मिलिमीटर प्रतिसेकंद इतकी गति वाढवून देणारें बल म्हणजेच एक न्यूटन. म्हणून घन मिलिमीटरामागें पोलादाची घनता ०·००००००००७८५ टन अशी लिहावी लागते. नवखा मनुष्य इतकीं शून्यें पाहून बिचकतो, किलोग्रॅमच बरे असें म्हणतो, आणि ०·००००७८५ च्या दहाव्या हिश्शाइतका, म्हणजे ०·००००००७८५ नव्हे तर ०·०००००७८५ हा आंकडा भरतो. हीं शून्यें वाचतांनाच डोळा चुकतो. भरतांना किती चुकत असेल! यंत्र तो आंकडा निमूटपणें घेतें आणि पोलाद हजारपट जड झालें असें समजून कामाला लागतें.

परिणाम काय होतो तें पाहावें. एक मीटर लांब आणि एक सेंटिमीटर जाड अशी पोलादी पट्टी एका टोकाला भिंतींत घट्ट बसविली आणि मोकळें टोक दाबून सोडलें, तर ती सेकंदाला आठांहून थोडीं अधिक आंदोलनें घेते. वस्तुमान हजारपट झालें, कीं आंदोलनें हजाराच्या वर्गमुळानें, म्हणजे सुमारें ३१·६ पटीनें मंदावतात. तेव्हां यंत्र सांगणार, कीं पट्टीला एका आंदोलनाला जवळजवळ चार सेकंद लागतात. ज्यानें मेजाच्या कडेवर फूटपट्टी दाबून धरून तिचें मोकळें टोक टिचकीनें वाजविलें आहे, अशा शाळकरी मुलालाही हें खरें वाटणार नाहीं. पण गुंतागुंतीच्या यंत्रभागाविषयीं अशी डोळ्यांची साक्ष मिळत नाहीं, आणि खोटा आंकडा खऱ्याच्याच ऐटींत अहवालांत जाऊन बसतो.

ॲन्सिसची रीत निराळी आहे. तेथें प्रत्येक आंकड्याशेजारीं त्याचें माप लिहिलेलें दिसतें, आणि मापांची पद्धति यादींतून निवडतां येते. हें पुष्कळच बरें. तरी तें माप वाचावें लागतें. समजा, एक चक्र मिनिटाला १५०० फेरे घेतें. हाच वेग रॅडियनांत सांगावयाचा तर सेकंदाला सुमारें १५७. आतां वेगाचें माप मिनिटाचे फेरे असें ठेवलेलें असतांना कोणी १५७ हा आंकडा भरला, तर यंत्राच्या समजुतीनें चक्र जवळजवळ साडेनऊ पट सावकाश फिरतें. फिरण्यामुळें चक्राला बाहेर ओढणारा ताण वेगाच्या वर्गाप्रमाणें बदलतो. म्हणून उत्तरांत ताण खऱ्याच्या सुमारें एक्याण्णवाव्या हिश्शाइतकाच येतो आणि चक्र निर्धोक ठरतें. उलट चूक झाली तर ताण ९१ पट दिसून निदान कोणी तरी दचकेल. निर्धोक ठरलेल्या चक्राकडे पुन्हां कोण पाहतो?

मापांच्या अशा घोटाळ्याची किंमत एकदां साऱ्या जगानें पाहिली. तें काम यंत्रभागांच्या सिम्युलेशनचें नव्हतें, पण दोष याच जातीचा होता. मंगळाच्या हवामानाचा अभ्यास करण्यासाठीं अमेरिकेच्या नासा संस्थेनें ११ डिसेंबर १९९८ रोजीं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हें यान सोडलें. प्रवासांत त्याला दिल्या जाणाऱ्या लहान लहान धक्क्यांचा हिशेब जमिनीवरील एक आज्ञावली पौंडांच्या मापानें देई, आणि तो घेणारी दुसरी आज्ञावली तो न्यूटनांत आहे असें समजे. एक पौंड बल म्हणजे सुमारें ४·४५ न्यूटन. प्रत्येक धक्का असा खऱ्यापेक्षां लहान धरला गेला. नऊ महिन्यांहून अधिक काळ ती चूक मुंगीच्या पावलानें सांचत राहिली, आणि २३ सप्टेंबर १९९९ रोजीं यान ठरलेल्या उंचीपेक्षां फार खालीं, मंगळापासून सुमारें ५७ किलोमीटरांवर, त्याच्या वातावरणांत शिरून नाहींसें झालें. दोन्ही आज्ञावल्यांचें गणित आपापल्या परीनें अचूकच होतें.

चित्राच्या सेटिंगाविषयीं थोडेंच सांगणें पुरे आहे. पोलाद भारानें वांकतें तें केसाच्या जाडीइतकें. तें डोळ्यांस दिसावें म्हणून हीं सॉफ्टवेअरें वांक आपण होऊनच अनेक पटींनीं वाढवून दाखवितात. कारखान्याच्या मालकाला तें चित्र दाखवितांना ही पट सांगितली नाहीं, तर पूल केळीच्या पानासारखा लवला असें पाहून त्याची झोंप उडावयाची.

फोल्डराची गोष्ट मात्र क्षुल्लक मानूं नये. अबॅकसला कामाचा फोल्डर नेमून दिला नाहीं, तर तें जेथून सुरू केलें त्याच ठिकाणीं उत्तराच्या फाइली टाकीत जातें. त्याच नांवाचें काम तेथेंच दुसऱ्यांदा लावलें, तर एकदां विचारणा होते. घाईंत होकार दिला, कीं मागच्या आठवड्याचें उत्तर पुसलें जातें. शिवाय त्याचीं कांहीं सेटिंगें एका लहानशा फाइलींत लिहिलेलीं असतात. ती फाइल सॉफ्टवेअरच्या मूळ जागीं, वापरणाऱ्याच्या खाजगी फोल्डरांत आणि चालू कामाच्या फोल्डरांत अशी तीन ठिकाणीं असूं शकते, आणि शेवटीं वाचलेली, म्हणजे चालू कामाची, प्रमाण ठरते. एकच काम दोन मेजांवर निराळें कां वागतें, याचा उलगडा पुष्कळदां येथें होतो.

ॲन्सिसच्या वर्कबेंचमध्यें कामाची एक लहान फाइल असते आणि तिच्या शेजारीं त्याच नांवाचा एक मोठा फोल्डर असतो. आराखडा, भार, उत्तरें हें सारें त्या फोल्डरांत. नवखा मनुष्य सहकाऱ्याकडे ती लहान फाइलच तेवढी पाठवितो. घराची किल्ली पोंचते, घर मागेंच राहतें. दोन्ही एकत्र बांधून एकच फाइल करण्याची सोय त्याच यादींत दिलेली आहे, आणि काम दुसऱ्याच्या हवालीं करतांना तीच वापरावी.