गुन्ह्यानंतर (भाग सहावा) : तिची आई कुठे होती?

६ एप्रिल २०१८ रोजी सुरतेच्या भेस्तान भागात, क्रिकेटच्या मैदानालगतच्या झुडपांत एका मुलीचा मृतदेह सापडला. वय अंदाजे अकरा. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये शवविच्छेदन झालं तेव्हा अंगावर ८६ जखमा मोजल्या गेल्या, आणि त्या सगळ्या एकाच दिवसाच्या नव्हत्या. तिच्यावर बलात्कार झाला होता. पांडेसरा पोलिसांनी गुन्हा नोंदवला, पण ‘ही आमची’ म्हणत कुणीच पुढे आलं नाही.

बेवारस मृतदेहाचं पुढे काय होतं, ते गेल्या भागात पाहिलं : पंचनामा, शवागार, डीएनएसाठी नमुने, आणि हरवलेल्यांच्या याद्या. आज याच प्रकरणाच्या आधाराने पुढचा प्रश्न घेऊ. खुनाचा छडा लागलेला नसताना आपण त्याविषयी जे बोलतो, जे पुढे पाठवतो, त्याचं मृताच्या घरच्यांना काय भोगावं लागतं? आणि घरचे कोण हेच माहीत नसेल तर?

खुनाचा तपास ओळखीपासून सुरू होतो. मयत कोण हे कळलं, की तिला शेवटचं कुणी पाहिलं, ती कुणाबरोबर होती, हे विचारता येतं. सुरतेत पहिलाच प्रश्न अडला होता. शहरच तसं आहे. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ४४ लाखांच्या वर, आणि त्यातले निम्म्याहून अधिक बाहेरून आलेले. लूम्सवर ओडिशा, उत्तर प्रदेश, बिहारचे कामगार. बांधकामावर राजस्थान, मध्य प्रदेशातले मजूर. उधना, लिंबायत, डिंडोलीत आपले जळगाव-धुळे-नंदुरबारचे. ठेकेदार माणसं आणतो, साइट संपली की दुसरीकडे नेतो. शेजाऱ्याला नाव ठाऊक नसतं, मग मुलगी दिसेनाशी झाली तर विचारणार कोण?

पोलिसांनी हजारो हरवलेल्या मुलांच्या नोंदी चाळल्या, चेहऱ्याच्या फोटोची पोस्टर्स लावली, बक्षीस जाहीर केलं. हे करणं भागच होतं. पण पोस्टरवरचा फोटो मोबाइलमध्ये शिरला आणि त्याचं काम बदललं. त्याच दिवसांत कठुआ आणि उन्नावच्या बलात्कार प्रकरणांनी देश पेटला होता. ‘हिला ओळखता का’ ही ओळ मागे पडली, जखमांचा आकडा पुढे आला. मग तो चेहरा कठुआच्या मुलीच्या चेहऱ्याशेजारी लावला गेला, आणि कुठल्या मुलीसाठी कोण रडलं, कोण गप्प बसलं, याचा हिशेब सुरू झाला. मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर उतरलेल्या सुरतकरांचं दुःख खोटं नव्हतं. पण त्या फोटोला आता कुणाच्या ओळखीची गरज उरली नव्हती. आपल्या बाजूचा पुरावा म्हणून तो पुरेसा होता.

आंध्र प्रदेशातून एक बाप आला. त्याची मुलगी हरवली होती, आणि फोटोतला चेहरा त्याला तिच्यासारखा वाटला. ती त्याची नव्हती. त्या माणसाला काय वाटलं असेल याची कल्पना मी करणार नाही. त्याची गोष्टही बातमीत छापून आली, एवढंच नोंदवते.

आणि हे सगळं चालू असताना मुलीची आई सुरतेतच होती. मुलीपाठोपाठ काही दिवसांतच त्याच परिसरात एका बाईचा मृतदेह सापडला होता, तोही अनोळखी. तिच्यासाठी मोर्चा निघाला नाही. पुढे सीसीटीव्हीत दिसलेल्या काळ्या मोटारीवरून पोलीस राजस्थानातल्या गंगापूरपर्यंत पोहोचले, आरोपी सापडला, आणि डीएनएने मायलेकींचं नातं जुळवलं. दोघींना राजस्थानातून मजुरीच्या नावाखाली आणलं होतं. हरवल्याची तक्रार का आली नाही, याचं उत्तर तिथे होतं : तक्रार करणारीच मारली गेली होती. मार्च २०२२ मध्ये सुरतच्या न्यायालयाने मुख्य आरोपीला फाशी आणि साथीदाराला जन्मठेप सुनावली.

आता कायद्याकडे येऊ. पीडितेची ओळख उघड करू नये, हा नियम आपल्याकडे आला तो महाराष्ट्रातल्याच एका खटल्यानंतर. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ साली एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच बलात्कार केला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना सोडलं. देशभर संताप उसळला आणि १९८३ च्या दुरुस्तीत भारतीय दंड संहितेत कलम २२८अ आलं. आता ते भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ आहे. पीडित मूल असेल तर बालकांच्या लैंगिक संरक्षणासाठीच्या पॉक्सो कायद्याचं कलम २३ आणखी कडक : नाव, पत्ता, फोटो, शाळा, कुटुंबाची माहिती, शेजारपाजार, काहीही छापायचं नाही. कठुआच्या मुलीची ओळख उघड केल्याबद्दल एप्रिल २०१८ मध्येच दिल्ली उच्च न्यायालयाने माध्यमसंस्थांना प्रत्येकी १० लाख रुपये भरायला लावले.

पण सुरतेच्या मुलीचा फोटो दाखवल्याशिवाय तिचं माणूस सापडणार कसं? त्याच वर्षी ११ डिसेंबरला निपुण सक्सेना खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या पेचाचा विचार केला. ओळख पटवण्यासाठी फोटो दाखवावा लागला तर दाखवा, पण तिच्यावर लैंगिक अत्याचार झाला हे त्याबरोबर सांगायची गरज नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. मला हा भाग फार मोलाचा वाटतो. पोस्टरवर चेहरा, अंदाजे वय, कपडे आणि फोन नंबर एवढंच हवं. ८६ हा आकडा न्यायालयात लागतो. ज्याची मुलगी हरवली आहे त्या बापाला तो भिंतीवर वाचायला लावायचं कारण नाही.

याच निकालातली दुसरी बाजू मात्र मला अवघड जाते. पीडिता मृत असेल तर नातेवाइकांची संमती असली तरी नाव उघड करता येत नाही. त्यासाठी सत्र न्यायाधीशांकडे जावं लागतं. गप्प राहण्याचा हक्क जसा घरच्यांचा, तसा बोलण्याचाही असायला हवा. १९९३ मध्ये लंडनमध्ये स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय मुलाचा गोऱ्या तरुणांनी वर्णद्वेषातून खून केला. त्याची आई डोरीन आणि वडील नेव्हिल गप्प बसले नाहीत, म्हणून १९९९ चा मॅकफर्सन अहवाल आला आणि पोलीस दलात मुरलेल्या वर्णभेदावर सरकारी शिक्कामोर्तब झालं. मारेकऱ्यांपैकी दोघांना शिक्षा झाली ती थेट २०१२ मध्ये. आपल्याकडे २००६ च्या खैरलांजीतल्या दलित कुटुंबाच्या हत्याकांडानंतर भैयालाल भोतमांगे २०१७ साली मरेपर्यंत न्याय मागत राहिले. त्यांच्या घरच्यांच्या मृतदेहांची छायाचित्रं गावोगाव फिरली, आणि ती फिरली नसती तर महाराष्ट्र जागा झाला असता का, ही शंका मलाही आहे. तरी ती छायाचित्रं फिरवताना आपल्यापैकी किती जणांनी भैयालालना विचारलं होतं?

जातीचं जे, तेच प्रांताचं. सप्टेंबर २०१८ च्या अखेरीस साबरकांठा जिल्ह्यात १४ महिन्यांच्या बाळावर अत्याचार झाला. आरोपी बिहारचा निघाला, आणि उत्तर गुजरातमध्ये हिंदी भाषकांवर हल्ले सुरू झाले. हजारो कामगार गाठोडी बांधून गाड्यांत बसले. हल्ल्यांबद्दल शेकडो जणांना अटक झाली. ऑक्टोबरमध्ये पांडेसऱ्यात बिहारचा एक माणूस मेला, तर जमावाने मारल्याची बोंब उठली. पोलिसांनी तो अपघात असल्याचं सांगितलं. बाळाच्या आईबापांनी यातलं काही मागितलं नव्हतं. त्यांचं दुःख परस्पर उचलून दुसऱ्यांच्या घरांवर फेकलं गेलं.

सुरतेतल्या खानदेशी माणसाने हे विशेष जपून ऐकावं. तो तिथे दोन-तीन पिढ्या राहिला, घरात अहिराणी बोलतो, त्याच्यातले काही आमदार-खासदारही झाले. पण उद्या एखाद्या गुन्ह्यात आडनाव पाटील निघालं तर ‘मराठी’ म्हणून बोट त्याच्याकडेच वळेल. इकडे २००८ मध्ये मुंबई-नाशकात आपणही उत्तर भारतीयांशी तसेच वागलो आहोत.

आणि प्रांत-जातीच्या या बोलण्याने तपासाला काडीची मदत होत नाही, उलट अडथळाच होतो. मजुरांच्या वस्तीत ज्याने काही पाहिलेलं असतं, तोच आपल्यावर शेकेल या भीतीने गावी निघून जातो. सुरतेच्या मायलेकींना ओळखणारा एखादा गवंडी, एखादी बिगारी बाई कुठेतरी असणारच. त्यांना पोलीस चौकीची पायरी चढायला धीर मिळेल असं वातावरण आपण ठेवलं होतं का?

त्या मुलीचा फोटो अजून कुणाच्या मोबाइलमध्ये असेल तर कृपा करून काढून टाका. तिची ओळख पटली आहे. तो फोटो ज्या कामासाठी होता ते काम झालं आहे.

पुढच्या भागात : पीडितांच्या कुटुंबांना मिळणारी भरपाई, महाराष्ट्राची मनोधैर्य योजना, आणि कुटुंब दुसऱ्या राज्यातलं असेल तर अर्ज कुठे करायचा.