संगत ऐकावी कशी?

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात महाजनक जातकाचे चित्र आहे. राजाचे मन संसारात रमावे म्हणून नर्तकी नाचते आहे, आणि तिच्याभोवती बासरी, मृदंग, झांजा घेतलेल्या स्त्रिया आहेत. पाहणाऱ्याची नजर नर्तकीवर जाते आणि तेथेच थांबते. आमचे सांगणे इतकेच की, ती थोडी बाजूला वळवावी. नाच उभा आहे तो त्या वाजवणाऱ्या हातांवर.

मैफलीतही आपण हेच करतो. गवई ऐकतो, तबलजी नुसता कानांवर पडतो. मग मैफल ऐकावी कशी? त्रितालापासून आरंभ करावा. मात्रा सोळा. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी, नवव्या मात्रेवर खाली. पहिली मात्रा म्हणजे सम. मांडीवर हात ठेवून हे मोजत राहावे. मग ध्यानात येते की, गवई ठेक्यापासून दूर जातो तेव्हा तबलजी घर राखून असतो. एकच तुकडा तीनदा घेऊन शेवटचा आघात समेवर टाकतात, ती तिहाई. मोजणाऱ्यालाच त्यातली जोखीम कळते.

ही गोष्ट केवळ आपल्याकडचीच नव्हे. कॅलिफोर्नियात १९६५ साली 'ग्रेटफुल डेड' नावाचा वाद्यवृंद निघाला. ठरलेले गाणे ते रंगमंचावर वाटेल तितके फुलवीत. आजचे गाणे उद्या तसेच येत नसे, म्हणून श्रोते रात्रीरात्रींचे ध्वनिमुद्रण करून ताडून पाहत. त्यांचा तालवादक मिकी हार्ट उस्ताद अल्लारखाँ यांच्याकडे शिकला, आणि मुंबईत जन्मलेल्या झाकिर हुसेन यांच्यासह त्याने १९७६ साली 'दिगा' ही ध्वनिमुद्रिका काढली. तेथेही ऐकण्याची रीत हीच. एका गाण्यात प्रथमपासून अखेरपर्यंत एकच वाद्य धरावे. मग नवी कल्पना कोणी काढली, कोणी उचलली आणि तिला वाव मिळावा म्हणून कोण गप्प राहिला, हे पाहावे.

आम्ही कामगारांच्या सभांत वाढलो. बोलणाऱ्याइतकेच न बोलणाऱ्याकडे कान द्यावे लागतात, हे तेथे शिकलो. मैफलीचा न्यायही वेगळा नाही. आपण टाळ्या कशाला देतो? बहुधा वेगाला. टाळी हे श्रोत्याने मोजलेले दाम होय, आणि दाम ज्याला मिळते तोच माल बाजारात येतो. तासभर ठेका निर्मळ धरणाऱ्याला काहीच न मिळाले, तर उद्या तोही धावू लागेल आणि गवयाला परतायला घर उरणार नाही.

सोनेरी महालाच्या पटांगणात वेरूळ-अजिंठा महोत्सवाला जाल तेव्हा एक ताल मोजून पाहा. समेवर सारे एकत्र आले की दाद द्या, आणि ती देताना एकदा तबलजीकडेही पाहा.