ठिगळांचं जहाज

चार ताटल्या, चार पेले, चार चमचे. सायप्रसच्या उत्तर किनाऱ्याजवळ बुडालेल्या त्या जहाजात चौघेच खलाशी असावेत, हे या भांड्यांवरून कळतं. किरीनियाचे पाणबुडे आंद्रेआस कारियोलू यांना 1965 साली सुमारे 30 मीटर खोलीवर मातीच्या कुंभांचा ढीग दिसला. 1968-69 मध्ये मायकेल कॅट्झेव्ह यांच्या पथकानं तो उकलला. बहुतेक ऱ्होड्स बेटाकडचे असे सुमारे 400 कुंभ निघाले, जात्याचे दगड आणि हजारो बदाम निघाले. या साऱ्या मालाखाली जेमतेम 14 मीटर लांबीचं, पाइनच्या लाकडाचं जहाज होतं. त्याचा निम्म्याहून जास्त भाग टिकला होता.

गेल्या साठ वर्षांत या जहाजाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं. मला मात्र त्याच्या मालापेक्षा त्याची दुरुस्तीच जास्त बोलकी वाटते.

हजारो तुकडे जुळवून ते पुन्हा उभं केलं रिचर्ड स्टेफी यांनी. मूळचे इलेक्ट्रिशियन, जहाजांच्या प्रतिकृती करायचा नाद. त्यांनी दाखवून दिलं की इथे आधी सांगाडा उभारून मग फळ्या ठोकलेल्या नाहीत. आधी फळीला फळी जोडत कवच घडवलं. दोन्ही फळ्यांच्या कडेला समोरासमोर खोबणी कोरायच्या, त्यांत ओकची चपटी पट्टी बसवायची, वरून आरपार खुंट्या मारायच्या. अशा हजारो पट्ट्या. आतल्या बरगड्या नंतर आल्या, तांब्याच्या खिळ्यांनी.

अशा जहाजाची मधलीच फळी कुजली तर? शेजारच्या फळ्या जागेवर असताना नवी फळी पट्ट्यांवर सरकवताच येत नाही. सुतारांनी मग खोबणी एका बाजूनं उघड्या कोरल्या आणि पट्ट्या बाहेरून बसवल्या. ही ठिगळं आजही ओळखू येतात. कणा तडकला तेव्हा तो न बदलता लाकडाचा ठोकळा घालून सांधला. शेवटी सगळं अंग शिशाच्या पातळ पत्र्यानं मढवलं, तांब्याच्या बारीक चुका मारून. जहाज म्हातारं झालं होतं आणि मालकाला ते मोडीत काढणं परवडणारं नव्हतं, असंच मला वाटतं. नवं बांधण्याइतकं कसब या डागडुजीतही आहे.

1982 ते 1985 या काळात ग्रीसमधल्या पेरामा इथे जुन्याच पद्धतीनं त्याची प्रतिकृती बांधली गेली. 1986 मध्ये ती शिडावर सायप्रसला पोचली.

कालनिश्चिती मात्र रखडली, कारण लाकूड टिकवायला वापरलेलं पॉलिएथिलीन ग्लायकॉल कार्बन मोजणीत घोळ घालत होतं. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यावर मार्ग निघाला. लाकडाबरोबर मालातले बदामही तपासले आणि जहाज इसवी सनापूर्वी 296 ते 271 च्या दरम्यान बुडालं, असं ठरलं.

किरीनियाच्या किल्ल्यात आज ते ठेवलेलं आहे, जुन्या आणि बदललेल्या फळ्या शेजारी शेजारी.