लेबलावरचा तिसरा आकडा

दुकानात दोन लॅपटॉप शेजारी-शेजारी मांडलेले असतात. दोन्हींवर ‘रायझन ५’चं स्टिकर, दोन्हींत ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, आणि किमतीत थोडाच फरक. नुकतीच अकरावीत गेलेली मुलगी आणि तिचे वडील यांतला स्वस्त उचलणार, हे स्वाभाविकच. पण एकाच्या खोक्यावर ७५२०यू लिहिलेलं असतं, दुसऱ्याच्या ७५३०यू. फरक तिसऱ्या आकड्यात आहे आणि तो पदवी हातात पडेपर्यंत जाणवत राहतो.

एएमडीच्या रायझन ७००० मालिकेत पहिला आकडा वर्ष सांगतो; ७ म्हणजे २०२३. प्रोसेसरची मूळ रचना किती जुनी आहे, हे मात्र तिसऱ्या आकड्यावरून कळतं. ७५२०यूमधली ‘झेन २’ रचना २०१९ची आहे आणि त्यात चार कोअर आहेत. ७५३०यूमधली ‘झेन ३’ २०२०ची आणि कोअर सहा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ७५२०यूसोबतची रॅम मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते. आज ८ जीबी घेतली की शेवटपर्यंत ८ जीबीच. ७५३०यूच्या पुष्कळ मॉडेलांत रॅम वाढवायला स्लॉट मिळतो.

इंटेलच्या बाजूलाही नावांचा घोळ आहेच. कंपनीने २०२३पासून नव्या लॅपटॉपवरची सेलेरॉन आणि पेंटियम ही नावं बंद केली. त्या जागी नुसतं ‘इंटेल प्रोसेसर’ आणि पुढे एन१०० वगैरे क्रमांक येतो. एन१०० चार कोअरचा आहे. निबंध टाइप करायला, पीडीएफ वाचायला, ऑनलाइन तासाला बसायला तो पुरतो. थोड्या जास्त पैशांत कोअर आय३-१२१५यू मिळत असेल, तर मात्र पैसे तिकडेच घालावेत.

आता कोडिंगचं. सीबीएसईच्या अकरावी-बारावीच्या संगणकशास्त्रात पायथन शिकवतात आणि पायथनचा पन्नास ओळींचा प्रोग्रॅम दहा वर्षं जुन्या मशिनवरही चुटकीसरशी चालतो. लहान मुलांचं स्क्रॅच तर ब्राउझरमध्येच उघडतं. सगळं अडतं ते प्रोग्रॅमभोवतीच्या गोतावळ्यामुळे: विंडोज ११, क्रोमचे दहा-बारा टॅब, त्यांतल्या एकात यूट्यूबवरचं लेक्चर, शेजारी व्हीएस कोड, मागे व्हॉट्सॲप. ४ जीबी रॅम इथेच संपते. मग विंडोज डिस्कचाच काही भाग रॅमसारखा वापरू लागतं आणि माउसचा बाणसुद्धा अडखळतो. मूल समजतं, आपल्यालाच कोडिंग जमत नाही. शिकायला बसलेल्या मुलाचा हिरमोड मशिनमुळे व्हावा, याइतकं वाईट काही नाही. हजार-दोन हजार वाचवताना घरच्यांनी एवढं नक्की लक्षात घ्यावं.

म्हणून ८ जीबीच्या खाली जाऊच नये. ॲप बनवायची हौस असेल तर १६ घ्यावी. अँड्रॉइड स्टुडिओसाठी गूगल स्वतःच किमान ८ जीबी सांगतं आणि पडद्यावरचा नकली फोन, म्हणजे एम्युलेटर, चालवायचा तर १६. ‘आत्ता ८ची घ्या, पुढच्या वर्षी आणखी ८ टाका’ हा सल्ला पूर्वी बिनधास्त देता येत असे. २०२५च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांची मागणी वाढली आणि रॅमचे भाव चढले. तेव्हा सुट्या रॅमचा भाव आधी विचारावा आणि मगच हिशेब मांडावा.

रॅम बदलता येते की नाही, हे विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर सोडू नये. डेमोच्या लॅपटॉपवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्स, मग मेमरी. आलेखाखाली ‘फॉर्म फॅक्टर’ अशी ओळ असते. तिच्यापुढे ‘सोडिम’ असेल तर रॅम काढता-घालता येते. ‘रो ऑफ चिप्स’ असेल तर ती सोल्डर केलेली. त्याच खिडकीत डिस्कही पाहून घ्यावी. अगदी स्वस्त लॅपटॉपांत एसएसडीऐवजी ६४ किंवा १२८ जीबीची ईएमएमसी असते, तीही बोर्डालाच चिकटलेली. विंडोज ११ला किमान ६४ जीबी लागतात. मग तेवढ्याच डिस्कवर शाळेचे प्रोजेक्ट ठेवायचे कुठे?

पडदा फुल एचडी हवा, १९२० बाय १०८०चा. जुन्या १३६६ बाय ७६८च्या पडद्यावर कोडच्या मोजक्याच ओळी मावतात. वेगळ्या ग्राफिक्स कार्डाची शाळेच्या अभ्यासाला गरज नाही. मशिन लर्निंगची गोडी लागलीच, तर गूगल कोलॅबवर सुरुवातीचे प्रयोग फुकट करता येतात.

बजेट फारच तुटपुंजं असेल, तर नव्या कमकुवत लॅपटॉपपेक्षा कंपन्यांतून निघालेला जुना बिझनेस लॅपटॉप सरस ठरतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये असा माल मिळतो. लेनोवोचा थिंकपॅड टी४८०, डेलचा लॅटिट्यूड ५४९०, एचपीचा एलिटबुक ८४० जी५ ही २०१८च्या सुमाराची मशिनं आहेत आणि तिन्हींत रॅमचे दोन स्लॉट आहेत. प्रोसेसरची पिढी मात्र तपासायलाच हवी. विंडोज १०चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासून पुढेच अधिकृतपणे चालतं. आय५-८३५०यू चालेल, आय५-७३००यू नाही. आणि यांतल्या काही मॉडेलांत दोन्ही पिढ्यांचे प्रोसेसर येत असत, म्हणून नुसत्या मॉडेलच्या नावावर जाऊ नये. घरात त्याहून जुना लॅपटॉप पडून असेल, तर त्यावर लिनक्स मिंट टाकता येतं. ते फुकट आहे आणि पायथन त्यात आधीपासूनच असतं.

जुनं मशिन घेताना दुकानदाराला कमांड प्रॉम्प्टमधून बॅटरी रिपोर्ट काढायला लावावा. मिनिटभराचं काम आहे. त्यात ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ हे आकडे एकाखाली एक येतात. दुसरा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल, तर नव्या बॅटरीची किंमत भावातून वजा करून मागावी. मग मशिन बंद करून परत सुरू करताना थिंकपॅडवर एफ१, डेलवर एफ२, एचपीवर एफ१० दाबावं. बायोसने पासवर्ड मागितला, तर आधीच्या मालकाचं कुलूप अजून निघालेलं नाही. असं मशिन कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नये. सगळं ठीक निघालं, तर सिरियल नंबर असलेलं जीएसटीचं पक्कं बिल घ्यावं आणि वॉरंटी किती महिन्यांची, तिच्यात बॅटरी-चार्जर धरलेत की नाहीत, हे त्याच बिलावर लिहून घ्यावं.