आडनावातले गाव

अमेरिकेत वाढलेल्या बेने इस्राएल मुलांना पूर्वज शोधायचे, तर पहिला धागा आडनावातच सापडतो. पेणकर पेणचे, केहिमकर किहीमचे, नवगावकर नवगावचे. ही सगळी गावे रायगड जिल्ह्यात आहेत.

पुढची अडचण नावांची. १७९६ मध्ये मुंबईतले पहिले सिनॅगॉग बांधणाऱ्या सॅम्युएल इझिकेल दिवेकरांना लोक सामाजी हसाजी म्हणत. म्हणून एका कागदावरचा सॅम्युएल आणि दुसऱ्यावरचा सामाजी एकच माणूस असू शकतो. जुन्या थडग्यांवर हिब्रूबरोबर मराठीही कोरलेली आढळते. ती वाचता यायला हवी.

मुलांनी आजी-आजोबांना विचारावे : पणजोबांना घरात काय हाक मारत? उत्तर देवनागरीत लिहून ठेवावे. हे नाव ठाऊक असलेले घरात आता एक-दोघेच उरलेले असतात.