झारीतील शुक्राचार्य

बळीराजा दानाचे उदक सोडावयास बसला आणि झारीतून पाण्याचा थेंबही पडेना, ही कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. गुरू शुक्राचार्य सूक्ष्म रूप धारण करून झारीच्या तोटीत जाऊन बसले होते. वामनाने दर्भाची काडी घेतली आणि तोटीत खुपसली. वाट मोकळी झाली, पण शुक्राचार्यांचा एक डोळा गेला. पुढे ‘झारीतील शुक्राचार्य’ हा शब्दप्रयोग आपल्या भाषेत आडकाठी करणाऱ्या माणसांच्या संबंधाने रूढ झाला. मला मात्र ती कथा एका साध्या यांत्रिक अडचणीची वाटत आली आहे. तोटी जितकी बारीक तितका फवारा सुबक, आणि तितकीच ती तुंबण्याची भीतीही अधिक. मग काडीने टोचल्यावाचून स्वतःच मोकळी होणारी तोटी करता येईल काय? बाजारात जिला ‘नोझल’ म्हणतात त्या वस्तूविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत. मी तिला तोटी असेच म्हणेन.

या गोष्टीकडे माझे लक्ष वेधले ते चंद्रपुरास. पूर्वीच्या चांदा जिल्ह्यास १९६४ साली चंद्रपूर हे नाव मिळाले, आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून गडचिरोली हा जिल्हा वेगळा निघाला. घनदाट अरण्य, गोंड राजांच्या काळापासूनचे तलाव, दगडी कोळसा आणि चुनखडी यांनी हा मुलूख संपन्न आहे; आणि उन्हाळा असा, की चंद्रपूरचा पारा ४७-४८ अंशांपर्यंत चढल्याच्या नोंदी आहेत. अशा ठिकाणी सायंकाळी अंगणात पाणी शिंपणे हा काही विलास नव्हे. तेथे माझ्या एका मावशीचे घर आहे. रबरी नळीच्या टोकाला पितळेची फिरती तोटी बसवून ती रोज अंगण शिंपते. तुळशीवृंदावनाच्या कोनाड्यात, पणतीच्या शेजारी, बाभळीचा एक लांब काटा ठेवलेला दिसला. हा कशासाठी, असे मी विचारले तेव्हा ती म्हणाली, “अरे, हा त्या तोटीच्या पूजेचा. दोन दिवसांआड टोचल्यावाचून ती बाई प्रसन्न होत नाही.”

मी ती तोटी उघडून पायरीवर झटकली. वाळूचे पाचसहा कण, गंजाचा एक पापुद्रा, आणि आतल्या कडेला चिकटलेले पांढरे खरपुड एवढा ऐवज निघाला. तिन्हींची कुळी निराळी आहे. वाळू विंधनविहिरीतून पंपाबरोबर वर येते. पाण्यात विरघळलेल्या लोहाला हवा लागली की त्याचा न विरघळणारा गंज होऊन तो खाली बसतो. आणि पांढरे खरपुड म्हणजे चुना. ज्या चुनखडीवर त्या जिल्ह्यातील सिमेंटचे कारखाने चालतात, तिच्याच थरांतून झिरपलेले पाणी नळीत येते. संध्याकाळी नळ बंद केल्यावर तोटीच्या ओठावर राहिलेला शेवटचा थेंब दुसऱ्या दिवशीच्या उन्हात वाळतो आणि आपला चुना तेथेच ठेवून जातो. असे शंभर थेंब वाळले की तोटी अर्धी मिटली म्हणून समजावे.

आता तोटी मुळात अरुंद का करावयाची? नळीच्या तोंडावर अंगठा दाबून पाणी दूर उडविण्याचा खेळ आपणांपैकी प्रत्येकाने केला असेल. पुष्कळांची समजूत अशी की, वाट अरुंद केली म्हणून पाण्याला बळजबरीने वेग घ्यावा लागतो. खरा प्रकार असा, की तोंड सताड उघडे असता पाणी नळीतून इतक्या भराभर वाहते की टाकीच्या उंचीने दिलेला बहुतेक दाब नळीच्या भिंतींशी घासण्यातच खर्ची पडतो. तोंड आवळले की नळीतील प्रवाह मंदावतो, घर्षण कमी होते, आणि वाचलेला सारा दाब तोंडाशी येऊन वेगाच्या रूपाने प्रकट होतो. टाकी तोटीहून ५ मीटर उंच असेल तर घर्षण सोडून पाण्याचा वेग दर सेकंदास सुमारे १० मीटर इतका भरतो. तो दुप्पट हवा असेल तर टाकी चौपट उंच न्यावी लागेल. म्हणून टाकी उचलण्यापेक्षा तोंड आवळणे शहाणपणाचे.

फिरत्या तोटीची रचना मोठी चतुर आहे. तिच्या मध्यभागी टोकाला निमुळता होत गेलेला एक दांडा पक्का बसविलेला असतो आणि त्याच्याभोवती आट्यांवर फिरणारी एक टोपी असते. टोपी पूर्ण आवळली की तिचे भोक दांड्यावर घट्ट बसते आणि पाणी थांबते. किंचित सैल केली की दांडा आणि टोपी यांच्यामध्ये कंकणासारखी एक बारीक फट पडते. पाणी त्या फटीतून छत्रीप्रमाणे पसरत बाहेर पडते. हा पाण्याचा पडदा पुढे पुढे पातळ होतो, त्यावर लहरी उठतात, पडद्याचे धागे होतात आणि धाग्यांचे थेंब. टोपी आणखी सैल करावी तो छत्री मिटत जाते आणि अखेरीस एकच सरळ धार उरते. एकाच वस्तूत झारी आणि पिचकारी!

मात्र त्या कंकणाची रुंदी पुष्कळदा एक मिलिमीटरही नसते. शिवाय फटीपेक्षा लहान कणही तिला बंद करू शकतात, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. दोनतीन कण एकदम तोंडाशी आले की ते एकमेकांना टेकून कमान धरतात, आणि मागून पाण्याचा जोर जितका अधिक तितकी ती कमान अधिक घट्ट बसते. गाळणीची छिद्रे तोटीच्या फटीहून पुष्कळच लहान असावी लागतात, ती याच कारणाने.

वामनाची काडी यंत्रात प्रथम नीटपणे बसविली गेली ती शेतीच्या गरजेमुळे. १८८० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेत कपाशीवरील अळीचा बंदोबस्त करण्यासाठी चार्ल्स रायली या कीटकशास्त्रज्ञाच्या हाताखाली एक नवी तोटी तयार झाली. तीत पाणी एका लहानशा वाटोळ्या कोठीत कडेने शिरते, भोवऱ्यासारखे गरगरते आणि मधल्या बारीक भोकातून शंकूच्या आकाराने बाहेर पडते. तिकडे फ्रान्समध्ये द्राक्षांवर बुरशीचा रोग पडला होता. त्यावर मिलार्दे यांनी १८८५ साली मोरचूद आणि चुना यांचे मिश्रण प्रसिद्ध केले. नाशिककडील द्राक्षबागाईतदार त्याला आजही बोर्डो मिश्रण म्हणून ओळखतात. मिश्रण गुणकारी, पण चुन्याच्या खड्यांनी बारीक भोक पदोपदी तुंबावयाचे. तेव्हा व्हेर्मोरेल नावाच्या फ्रेंच कारखानदाराने त्या भोवऱ्याच्या तोटीच्या पाठीमागे स्प्रिंगवर एक सुई बसविली. मागून बोटाने दाबले की सुई भोकातून आरपार जावी आणि सोडली की परत यावी. दर्भाची काडी झारीतच कायमची ठेवून दिली, असे म्हणा ना!

सुई चालविण्यास तरी बोट लागतेच. ते बोटही नको म्हणणाऱ्यांनी स्प्रिंगचा उपयोग निराळ्या रीतीने केला. मधला दांडा स्प्रिंगच्या आधाराने असा ठेवावयाचा, की पाण्याचा दाब नसता फट मोठी राहावी आणि दाब चढला की ती बेताची व्हावी. मग नळ उघडताच पहिले पाणी रुंद वाटेने अडकलेला कचरा घेऊन निघून जाते आणि नंतर फवारा धरतो. नळ मिटताना पुन्हा तसेच. ठिबक सिंचनातील काही तोट्यांत हेच काम रबराची एक लवचिक चकती करते. स्नानगृहातील नव्या फवाऱ्यांना रबराची मऊ बोंडे असतात ती आपण पाहिली असतील. अंगठा फिरवताच त्यांवरील चुना तडकून गळतो, कारण रबर वाकते आणि चुन्याला वाकता येत नाही.

इतका खटाटोप अंगणातील मोगऱ्यासाठी कशाला, असे कोणी विचारील. पण त्याच चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलखात, वरोरा, राजुरा, कोरपना या भागात कपाशी पिकते, आणि पाठीवर पंप घेऊन फवारणी करणारा माणूस दिवसातून कितीदा तरी तोटी तुंबल्यामुळे थांबतो. तो करतो काय? उघड्या हाताने तोटी सोडवितो, तारेने टोचतो, आणि तेवढ्याने भागले नाही तर ती ओठांना लावून फुंकतो. त्या तोटीतून काही क्षणांपूर्वी वाहत होते ते पाणी नव्हे, विष होते. तोटी तोंडाने फुंकू नये अशी स्पष्ट सूचना या औषधांबरोबर दिलेली असते. परंतु भर उन्हात, बांधापासून दूर, हाताशी दुसरे साधन नसलेल्या मजुराला ती सूचना पाळण्याची सोय आपण करून दिली आहे काय? २०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. त्या मृत्यूंची कारणे अनेक होती आणि तुंबलेल्या तोटीवर ते पाप लादणे न्याय्य होणार नाही. तथापि विष आणि माणसाचे ओठ यांची गाठ पडण्याचा जो एक प्रसंग रोज घडतो, तो हटविण्यास काही रुपयांची गाळणी आणि सुईची तोटी पुरते, हे मला विसरता येत नाही. तारेने टोचल्याचा आणखी एक तोटा असा, की भोक वेडेवाकडे मोठे होते, थेंब जाड पडतात आणि औषध पानावर न राहता जमिनीवर ओघळते.

दुसरा प्रसंग अग्नीचा. गडचिरोलीतील आलापल्लीच्या सागाची कीर्ती जुनी आहे. अयोध्येच्या राममंदिरासाठी सागाचे लाकूड २९ मार्च २०२३ रोजी बल्लारपुराहून रवाना झाले होते. त्याच बल्लारपुरानजीक मे २०२२ मध्ये कागद कारखान्याच्या लाकूडसाठ्यास भीषण आग लागली होती. लाकडाच्या रचलेल्या थप्पीला आग लागली असता सरळ धार आणि फवारा या दोहोंची गरज पडते. पाणी आगीची उष्णता कशी हरण करते ते पाहा. एक लिटर पाणी ३० अंशांवरून १०० अंशांवर नेण्यास ७० एकक उष्णता लागते असे धरले, तर त्याच उकळत्या पाण्याची वाफ होण्यास आणखी ५४० लागतात. म्हणून पाण्याची वाफ व्हावी आणि ती लवकर व्हावी, हे श्रेयस्कर. चार मिलिमीटर व्यासाचा एक थेंब फोडून एक मिलिमीटरचे थेंब केले तर ते ६४ होतात आणि उष्णतेला सामोरा जाणारा पृष्ठभाग चौपट होतो. हे फवाऱ्याचे सामर्थ्य. परंतु थप्पीच्या पोटात धुमसणाऱ्या निखाऱ्यापर्यंत फवारा पोचत नाही. वाटेतच त्याची वाफ होते, नाहीतर वारा त्याला उडवून नेतो. तेथे सरळ धारच हवी. म्हणून बंबावरील मनुष्य आपली तोटी क्षणोक्षणी फिरवीत असतो. जवळच्या तलावातून वा नाल्यातून पाणी उपसण्याची वेळ आली, तर पानांचा चोथा आणि खडे नळीत येणारच. यासाठी अग्निशामकांच्या पुष्कळ तोट्यांना फवाऱ्याच्याही पलीकडे एक शेवटचा टप्पा ठेवलेला असतो. तेथपर्यंत फिरविताच फट रुंद होते, कचरा वाहून जातो, आणि पाणी न थांबविता तोटी पुन्हा कामावर रुजू होते. ज्वाळांसमोर उभे राहून काटा शोधण्यास सवड कोणाला असते?

अरण्यातील वणव्याची गोष्ट मात्र निराळी. १५ फेब्रुवारीपासून १५ जूनपर्यंतच्या वणव्याच्या हंगामात मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाचोळा पेटविला जातो आणि आग पसरते. तिथे पाणी कोसच्या कोस दूर असते. वनरक्षकांना जाळरेषा, हिरव्या फांद्या आणि पाचोळा उडविणारी वाऱ्याची यंत्रे यांचाच भरवसा. उत्तम तोटीलाही आधी पाणी लागते.

कोळशाच्या धुळीसंबंधी एवढेच सांगतो. चंद्रपूरचे औष्णिक वीजकेंद्र २९२० मेगावॅटचे आहे, भोवती खाणी आहेत, आणि २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत चंद्रपूरची गणना केली होती. धूळ बसविण्यासाठी पाणी फवारतात, पण थेंब धुळीच्या कणाच्या मानाने फार मोठा असला तर कण त्याच्याभोवतीच्या हवेबरोबर बाजूने निसटून जातो. थेंब बारीक हवा म्हणजे भोक बारीक हवे, आणि भोवती तर कोळशाचीच भुकटी! तेथील तोटी तुंबली तर ते एखाद्या अंगणापुरते राहत नाही. खालच्या वस्तीतील मुलांच्या श्वासापर्यंत पोचते.

मावशीसाठी मी रबरी ओठाची एक नवी तोटी नेऊन दिली. वाळू आणि गंज यांचा त्रास तीत संपला. चुना तेवढा उरला, कारण तो बाहेरून येऊन अडकत नाही, जागच्या जागी वाढतो, आणि स्प्रिंग वा सुई यांचा त्यावर फारसा इलाज चालत नाही. त्याला आम्लच हवे. देवाची भांडी घासताना उरलेल्या चिंचेच्या कोळात मावशी महिन्यातून एकदा ती तोटी रात्रभर बुडवून ठेवते, आणि नळ मिटण्यापूर्वी टोपी एकदा पूर्ण सैल करून पाणी मोकळे सोडते. काटा अजून कोनाड्यात आहे. पणतीची वात पुढे सारावयास बरा पडतो, असे तिचे म्हणणे.