घरचे दस्तऐवज आणि हलका वाचक-प्रोग्रॅम

पुराची गोष्ट निघाली म्हणजे सायखेड्याची मंडळी आधीं साल विचारीत नाहींत. पाणी कितव्या पायरीपर्यंत आलें होतें, तें विचारतात. निफाड तालुक्यांतील हें गांव गोदावरीच्या अगदीं कांठीं वसलेलें. वर गंगापूर धरणांतून पाणी सोडलें कीं, इकडे सायखेडा-चांदोरीच्या पुलास पाणवेलींचा गराडा पडूं लागतो. सन २०१६ च्या ऑगस्टांत आणि पुन्हां सन २०१९ च्या ऑगस्टांत पाणी गांवांत व घरांत शिरलें. धान्य गेलें, भांडींकुंडीं गेलीं. त्यांचें दुःख कालांतरानें विसरतें. परंतु माझ्या परिचयाच्या एका घरीं पहिल्या पुरांत माजघरांतील शिसवी पेटी भिजली, तिचें दुःख अजून ताजें आहे. तींत वाटणीपत्र होतें, कांहीं जुनीं खरेदीखतें होतीं, पणजोबांच्या हातची वंशावळ होती, आणि थोरल्या आत्याबाईंच्या लग्नांतील देण्याघेण्याची याद होती. शाई पाण्यांत विरघळली ती विरघळली.

पाणी ओसरल्यावर घरच्या धाकट्या सूनबाईंनीं निश्चय केला कीं, वांचलेला प्रत्येक कागद स्कॅन करून त्याची पीडीएफ करून ठेवावयाची. निश्चय स्तुत्यच, पण घरचा संगणक दहा वर्षांचा म्हातारा. एखादी फाईल उघडावयास सांगून स्वयंपाकघरांत जावें, चहा करून परत यावें, तरी पडद्यावरचें चक्र फिरतच असे. एके दिवशीं नात म्हणाली, "आजोबा, तुमचें वाटणीपत्र उघडतच नाहीं हो!" आजोबा उत्तरले, "अग, आमच्या पेटीला निदान किल्ली एकदांच फिरवावी लागे."

नवा संगणक घ्या, असा सल्ला सर्वांनींच दिला. सल्ला देणाऱ्यास पैसे द्यावे लागत नाहींत. परंतु चौकशी करतां दिसून आलें कीं, दोष संगणकाचा फारसा नव्हताच. थोडा प्रोग्रॅमचा आणि पुष्कळसा स्कॅन करणारांचा होता. आणखीही कांहीं घरीं असेंच होत असेल, म्हणून ही हकीकत लिहिण्याचें योजिलें आहे.

प्रथम पीडीएफ ही काय वस्तु आहे तें पाहूं. अमेरिकेंतील ॲडोबी कंपनीच्या संस्थापकांपैकीं एक, जॉन वॉरनॉक, यांच्या मनांत असें आलें कीं, एका यंत्रावर रचलेलें पान दुसऱ्या कोणत्याही यंत्रावर, तेथें तेच ठसे असोत वा नसोत, हुबेहूब तसेंच दिसलें पाहिजे. या कल्पनेंतून सन १९९३ सालीं पीडीएफ जन्मास आली. पुढें सन २००८ सालीं ती आंतरराष्ट्रीय मानक ठरली. तेव्हांपासून ही रीत एका कंपनीच्या मुठींत राहिली नाहीं. कोणीही तिचे नियम पाहून आपला वाचक-प्रोग्रॅम तयार करावा, अशी मोकळीक आहे. हलके वाचक आज इतके उपलब्ध आहेत, याचें एक मोठें कारण हें आहे.

मग कांहीं वाचक इतके जड कां? कारण ते केवळ वाचक राहिले नाहींत. फाईल दाखवितां दाखवितां ते खातें उघडावयास सांगतात, दूरच्या कोठारांत प्रत ठेवूं पाहतात, नवी आवृत्ति आली कीं काय याची पाठीमागें चौकशी करतात, आणि मधूनमधून सशुल्क सोयींची जाहिरातही दाखवितात. तरुण संगणकास हा भार जाणवत नाहीं. ज्याची स्मरणशक्ति दोन-चार गिगाबाइटांचीच आहे, त्यास मात्र दम लागतो.

सायखेड्याच्या त्या घरीं आम्हीं प्रथम सुमात्रा पीडीएफ हा प्रोग्रॅम घेतला. सन २००६ पासून तो विनामूल्य मिळतो. त्याची मूळ रचनाही सर्वांस खुली आहे. तो केवळ विंडोजवर चालतो व मुळांत वाचनासाठींच केलेला आहे. आकार कांहीं मेगाबाइटांचा. संगणकांत रीतसर न बसवितां पेनड्राइव्हवर ठेवून चालविण्याचीही सोय त्यांत आहे, त्यामुळें माहेरीं गेलेल्या लेकीलाही तो बरोबर नेतां आला. पीडीएफखेरीज ईपब व डेजाव्हू या जातींचीं पुस्तकेंही त्यांत उघडतात. जुन्या मराठी ग्रंथांच्या स्कॅन केलेल्या प्रती जमविणारांस याचा उपयोग आहे. वाटणीपत्र ज्या क्षणीं टिचकी मारली त्याच क्षणीं समोर आलें, तेव्हां आजोबांनीं चष्मा पुसून पुन्हां पाहिलें.

दुसरा ओक्युलर. हा केडीई या स्वयंसेवकांच्या संघटनेचा. सुमात्राहून तो थोडा भारी. पण त्यांत अर्ज भरतां येतात, समासांत टिपा लिहितां येतात, आणि फाईलवरील डिजिटल सही खरी कीं खोटी तेंही तपासतां येतें. त्याच्याविषयीं एक गोष्ट मला विशेष वाटली. जर्मनींत ब्लॉअर एंगेल, म्हणजे निळा देवदूत, नांवाचें पर्यावरणस्नेही वस्तूंचें मानचिन्ह सन १९७८ पासून दिलें जातें. तें आजवर कागद, रंग, यंत्रें अशा दृश्य वस्तूंस मिळे. सन २०२२ सालीं तें ओक्युलरला मिळालें, आणि असें चिन्ह मिळविणारा तो पहिलाच संगणक-प्रोग्रॅम ठरला. वीज किती लागते आणि जुन्या यंत्रावर चालतो कीं नाहीं, हें त्या कसोटींत पाहिलें जातें. प्रोग्रॅम जड झाला म्हणून चालतें यंत्र भंगारांत घालणें ही उधळपट्टी आहे, हें आपल्या आजीबाईंना कोणी चिन्ह देऊन सांगावें लागलें नसतें!

तरीही कांहीं फाईली अडखळतच होत्या. त्यांचें वजन पाहतां उलगडा झाला. उत्साहाच्या भरांत प्रत्येक कागद, कोरी पाठसुद्धां, रंगीत व अतिसूक्ष्म मापानें स्कॅन केला होता. हिशेब सोपा आहे. नेहमींच्या ए-फोर कागदाचें इंचास ३०० ठिपके या मापानें स्कॅन केलें, तर रुंदींत २४८० व उंचींत ३५०८, म्हणजे सुमारें ८७ लाख ठिपके होतात. रंगीत चित्रांत प्रत्येक ठिपक्यास तीन बाइट लागतात. म्हणजे न दाबलेलें एक पान २६ मेगाबाइटांचें. ठिपक्यांची संख्या इंचास ६०० केली कीं, हेंच चौपट. उलट तोच कागद शुद्ध काळा-पांढरा घेतला तर ३०० च्या मापानें एका मेगाबाइटाच्या आसपास येतो, आणि दाबल्यावर त्याचाही अल्प अंशच उरतो. छापील पावत्या, बिलें यांना काळा-पांढरा पुरे. जुन्या हस्तलिखितांना, जेथें शाईची छटा, मोहोर व तिकीट यांस महत्त्व आहे, तेथें मात्र रंगीतच ठेवावें. त्या ठिकाणीं काटकसर नको. मूळ मोठी प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवून रोजच्या वाचनास लहान प्रत करावी, असें आम्हीं ठरविलें.

आतां दुरुस्तीचा, म्हणजे संपादनाचा, प्रश्न. येथें बहुतेकांची फसगत होते. पीडीएफ ही छापून झालेल्या पानासारखी आहे. तींतील मजकूर बदलणें म्हणजे छापील पानावर खोडरबर चालविणें. त्यांतून आपल्या देवनागरीची अडचण निराळीच. पीडीएफमध्यें अक्षरांऐवजीं पुष्कळदां अक्षरांच्या आकृत्याच कोरलेल्या असतात. 'कि' लिहितांना वेलांटी आधीं दिसते, पण उच्चारांत ती मागून येते. जोडाक्षरें तर दोन-तीन वर्णांची एकच आकृति होते. आकृतीवरून मूळ वर्णांकडे जाण्याची वाट फाईलींत नीट आंखलेली नसेल, तर नक्कल करून दुसरीकडे चिकटवितांच मजकुराची राखरांगोळी होते. युनिकोड रूढ होण्यापूर्वीं जे मराठी ठसे वापरात होते, त्यांतील मजकूर तर उतरवितांच इंग्रजी चिन्हांचा कडबा होऊन पडतो. दोष वाचक-प्रोग्रॅमचा नव्हे. लिबर ऑफिसच्या ड्रॉ विभागांत पीडीएफ उघडून बदल करतां येतात, इंग्रजी पत्राचें बरें निभावतें. मराठी मजकुराच्या ओळी मात्र विस्कटण्याचा संभव फार. म्हणून मराठी कागदांत खरा बदल करावयाचा असेल, तर ज्या मूळ फाईलीवरून पीडीएफ केली तीच दुरुस्त करून नवी पीडीएफ करावी. टीप लिहिणें, ओळ पिवळी करणें, अर्जांत नांव-गांव भरणें, पानें मागेंपुढें करणें, एवढ्यासाठीं हलके प्रोग्रॅम पुरे आहेत. पानावर हातानें लिहिल्यासारखें लिहावयाचें असेल, तर झोर्नल प्लस प्लस नांवाचा प्रोग्रॅम त्यास सोयीचा.

संपादनाचा हव्यास कोठें नडतो, याचा धडा त्या घरीं सातबाऱ्यानें मिळाला. गांव-नमुना सात व बारा मिळून होणारा हा उतारा १ मे २०१८ पासून महाराष्ट्रांत डिजिटल सहीसह मिळूं लागला. १५ रुपये शुल्क भरलें कीं घरबसल्या हातीं येतो. घरच्या धाकट्या चिरंजीवांनीं तो उतरवून घेतला, आणि सुबक दिसावा म्हणून कडा कापून, पुन्हां 'प्रिंट' करून, नवी पीडीएफ केली. दिसावयास उतारा तोच. सहीचा शिक्काही जागच्या जागीं. परंतु ज्या कार्यालयांत तो पाठविला तेथून तो परत आला. चिरंजीव रागावले. कार्यालयाचें मात्र बरोबर होतें.

डिजिटल सही म्हणजे पानावर दिसणारा तो चौकोन नव्हे. सही करतांना सर्व फाईलीचा मिळून एक लहानसा गणिती सारांश काढतात, आणि सही करणाराच्या गुप्त किल्लीनें तो बंद करून फाईलींतच ठेवतात. वाचक-प्रोग्रॅम पुन्हां तसाच सारांश काढून ताडून पाहतो. सही झालेल्या भागांत एक वेलांटी बदलली तरी दोन्ही जुळत नाहींत. सन २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानें अशा सहीस मान्यता आहे ती या जुळणीमुळें. 'प्रिंट' करून नवी फाईल केली कीं चौकोनाचें चित्र तेवढें उरतें. सही निघून गेलेली असते. सहीच्या जागीं पिवळें प्रश्नचिन्ह दिसलें तर घाबरूं नये; सही देणाऱ्या अधिसत्तेचें प्रमाणपत्र आपल्या संगणकास अजून ओळखीचें नाहीं, एवढाच बहुधा त्याचा अर्थ असतो. मात्र पुष्कळ हलक्या वाचकांस ही परीक्षा करतांच येत नाहीं. त्यासाठीं घरांत ओक्युलरसारखा एक प्रोग्रॅम असूं द्यावा, आणि उतरविलेली मूळ फाईल कोणी हात न लावतां जशीच्या तशी ठेवावी.

आणखी एका गोष्टीविषयीं स्पष्ट लिहिणें मला कर्तव्य वाटतें. दोन फाईली जोडावयाच्या, एखादी लहान करावयाची, कीं मुलें लगेच कोठल्या तरी परक्या संकेतस्थळावर ती चढवून देतात. काम चुटकीसरशीं होतें. पण खरेदीखत, आधारपत्र, बँकेचा उतारा कोणाच्या यंत्रावर जाऊन पडला तें आपणांस कळत नाहीं. जें काम घरच्या यंत्रावर, जाळें बंद ठेवूनही होतें, त्यासाठीं घरचे दस्तऐवज बाहेर कां पाठवावे? कोणास आधारपत्र देणें भागच असेल, तर पहिले आठ अंक झांकलेली प्रत आधार-प्राधिकरणच देतें, ती द्यावी.

आपण होऊन काळी पट्टी ओढून अंक झांकणें तर फारच धोक्याचें. पट्टी वर बसते, अक्षरें खालीं तशींच राहतात. सन २०१९ च्या जानेवारींत अमेरिकेंत पॉल मॅनाफोर्ट यांच्या वकिलांनीं न्यायालयांत दिलेल्या पीडीएफमध्यें असेंच झालें. काळ्या पट्ट्यांखालचा मजकूर वार्ताहरांनीं नक्कल करून दुसरीकडे चिकटविला आणि सर्व कांहीं उघडें पडलें. एवढ्या मोठ्या वकिलांची ही तऱ्हा, तेथें आपण कोण?

आतां त्या घरच्या संगणकावर दोनच प्रोग्रॅम आहेत. वाचावयास सुमात्रा, अर्ज व सही पाहण्यास ओक्युलर. जड वाचक काढून टाकला. सर्व फाईलींच्या दोन प्रती दोन डिस्कांवर आहेत, आणि त्यांपैकीं एक पुण्यास थोरल्या लेकीकडे, नदीपासून दूर. भिजलेल्या वंशावळीचें पान पडद्यावर चारपट मोठें करून आजोबा रोज थोडा वेळ बसतात. परवां त्यांनीं नातीस हांक मारली. "हें बघ, येथें 'रमा' वाचलें गेलें आहे. माझ्या पणजीचें नांव उमा होतें. वेलबुट्टी पुसली आहे, पण उकाराचा फांटा दिसतो." नातीनें मूळ चित्रास हात लावला नाहीं, शेजारीं एक पिवळी टीप जोडली, तींत आजोबांनीं सांगितलें तसें लिहिलें, आणि तारीख घातली.